आधीची आणि नंतरची

एका परदेशी कंपनीच्या गिटारीची जाड तार छेडली की आवाज यायचा. तो सगळ्याच गिटारींचा येतो, त्यात विशेष काही नाही. मौज त्यापुढे होती. आवाज विरत विरत जायचा, आता संपला असं वाटायचं, आणि संपल्यावरही काहीतरी मागे राहायचं. थंडीतल्या सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ तरंगते, तसं ते बारीक, लखलखतं काहीतरी हवेत राहायचं आणि मग आपल्या मर्जीने निघून जायचं. आम्ही त्याला चकाकी म्हणायचो. हा शब्द कंपनीच्या कुठल्याही कागदावर नाही. तो माझा आहे, आणि एके काळी मला त्याचा फार अभिमान होता.

मी काही मोठा वादक नाही. डाव्या हाताची करंगळी जन्मभर आळशी राहिली, आणि जलद काही वाजवायची वेळ आली की मला नेमका चहा आठवतो. पण कान होते. सरकारी कचेरीत मी लघुलेखक होतो. साहेब बोलायचे, मी ऐकायचो आणि कागदावर उतरवायचो. पोट भरलं ते कानांवरच. कान दिले वडिलांनी. ते खडकीच्या कारखान्यात कामाला होते आणि भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. संध्याकाळी वंदना झाली की ते दारात बसून बेंजो जुळवायचे, आणि एखादी तार केसभर उतरलेली असली तर त्यांना कळायच्या आधी माझ्या दातांना कळायचं. मी तोंड वाकडं करायचो, ते मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि हसायचे. त्या हसण्यावर मी अजून जगतो आहे.

गिटार मी लग्नानंतर घेतली. लष्कर भागातले एक गृहस्थ मुलाकडे परदेशी कायमचे निघाले होते. घर आवरताना त्यांनी ती मला दिली, म्हणजे विकलीच, पण चेहरा दिल्यासारखा होता. तिच्या पोटावरच्या भोकातून वाकून पाहिलं की आत एक चिकटवलेली चिठ्ठी दिसते. त्या कंपनीत रीतच होती. नव्या गिटारीला पहिल्यांदा तारा चढवून तिचा पहिला आवाज जो कारागीर ऐकेल, त्याने त्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आपलं एक अक्षर लिहायचं. माझ्या गिटारीतलं अक्षर पुसट झालंय. कुठल्या तरी लांबच्या गावात, बाहेर बर्फ पडत असताना, एका अनोळखी माणसाने ही तार छेडली आणि मग तो बराच वेळ गप्प बसून राहिला, असं माझ्या मनाने घेतलं होतं. दुपारी डोळा लागता लागता मी त्या माणसाशी बोलायचो. त्याने काय ऐकलं, एवढंच मला विचारायचं असायचं.

रविवारी सकाळी आम्ही, त्याच गिटारीचे तिघं वेडे, मार्केट यार्डात जमायचो. आमच्यातले शेठ तिथे गूळ आणि तांदळाचा घाऊक व्यापार करतात. रविवारी भुसार बाजार बंद असतो. हमाल नाहीत, ट्रक नाहीत, गल्ल्या झोपलेल्या. शेठ गाळ्याचं शटर अर्धं वर करायचे, आम्ही वाकून आत शिरायचो आणि लाकडी जिन्याने माळ्यावर जायचो. खाली गुळाच्या ढेपा, वर चहूकडे तांदळाची पोती. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, जसा आहे तसा समोर येतो आणि जिथल्या तिथे बसतो. गुळाचा वास मात्र गिटारींच्या पोटात शिरायचा, आणि घरी जाऊन पेटी उघडली की पुन्हा यायचा. आमच्यातले दुसरे म्हणजे डॉक्टर, पेठेतले निवृत्त दंतवैद्य. ते दाढा बघायचा लहान आरसा बरोबर आणत आणि गिटारीच्या भोकातून आत घालून कारागिराचं अक्षर वाचत. 'आ करा,' असं गिटारीला म्हणतसुद्धा. तिसरा मी.

नवी असो की कोणाची वापरलेली, कुठलीही गिटार पहिल्यांदा माळ्यावर आली की आधी माझ्या मांडीवर यायची. मी सगळ्यात जाड तार एकदाच छेडायचो. मग कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. शेठ तर श्वासही हप्त्याहप्त्याने घ्यायचे. आवाज विरेपर्यंत मी डोळे मिटून बसायचो आणि मग एक वाक्य बोलायचो. 'चांगली आहे, पण लाजते.' 'हिला अजून दोन उन्हाळे द्या.' असलं काहीतरी. ते वाक्य त्या गिटारीला जन्मभर चिकटायचं, आणि एकदा ते बोलून झालं की ती गिटार पुन्हा तशी ऐकायची पद्धत नव्हती. पुण्यात कोणालाही न मानणारे डॉक्टर मला मानायचे. वाजवण्यात मी तिघांत शेवटचा, पण ते वाक्य माझं होतं. त्या एका वाक्यासाठी मी सोमवार ते शनिवार काढायचो.

मग एके सकाळी फोनवर डॉक्टरांचा निरोप आला, 'गेली.' मी घाबरून फोन लावला. तो त्यांच्या पत्नीनेच उचलला, तेव्हा जिवात जीव आला. गेली होती ती कंपनी. तीन पिढ्या एकाच घराण्याकडे असलेली कंपनी त्या घराण्याने विकून टाकली होती. घेणारे मोठे लोक. त्यांचे स्पीकर निघतात, हेडफोन निघतात, लहान मुलांची वाजणारी खेळणीसुद्धा निघतात, असं डॉक्टर म्हणाले. 'आता आपली गिटार पिवळी होणार आणि पोट दाबलं की म्याव करणार.'

त्या रविवारी माळ्यावर सुतक होतं. डॉक्टरांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि मग दोन कप घेतला. फोनवर जगभरच्या लोकांचं रडगाणं चाललं होतं आणि आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवत होतो. कोणी लिहिलं होतं की आता डिंक बदलणार. कोणी लिहिलं होतं की लाकूड तेच येईल, पण ते वाळेपर्यंत थांबायचा धीर कोणाकडे राहणार नाही. हे वाक्य आम्हाला फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या दुःखात एक सुख होतं. आपण जिच्यावर जीव टाकला ती गोष्ट डोळ्यांदेखत इतिहासजमा होते आहे आणि तिच्यातलं थोडं आपल्या घरी आहे, असं ते सुख. त्याच सकाळी डॉक्टरांनी वाटणी करून टाकली. या दिवसापर्यंतच्या गिटारी त्या आधीच्या, पुढच्या सगळ्या नंतरच्या. आणि नंतरची कोणी घ्यायची नाही.

शेठ एकटेच फारसे हलले नव्हते.

'अवो, ह्यो गाळा तरी मूळचा माझा कुठं हाय?' ते म्हणाले. 'जुन्या शेठकडनं घेतला, पाटी बी त्यांचीच ठिवली. गूळ त्याच गुऱ्हाळावरनं येतोय. तरी गिऱ्हाईक म्हणतंय, पयल्या शेठच्या टायमाला गूळ लई ग्वाड होता. आता ह्याला काय म्हणायचं?'

'गुळाची गोष्ट वेगळी,' डॉक्टर म्हणाले. मीही मान हलवली. ती वेगळी नव्हती, हे कळायला मला वर्ष लागलं.

ती कंपनी ताराही करायची. आधीच्या तारांचं एक शेवटचं पाकीट माझ्याकडे उरलं होतं. ते मी कपाटात घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवलं. गिटारीवर होत्या त्या तारा जुन्या होऊन मंद झाल्या होत्या, पण बदलल्या नाहीत. नंतरच्या लावायच्या नव्हत्या आणि आधीच्या खर्चायच्या नव्हत्या. माझ्या गिटारीची चकाकी हल्ली दिसत नाही ती तारा म्हाताऱ्या झाल्या म्हणून, असा माझा साधा हिशेब होता. डॉक्टरांच्या आणि शेठच्या गिटारी तर मी केव्हाच ऐकून ठेवलेल्या. त्या वाजल्या की आठवणीतली चकाकी मी त्यांच्यावर आपोआप पांघरत असे.

पावसाळ्यात आमच्यात चौथी आली. ती नांदेडची, खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला. इंटरनेटवर डॉक्टरांशी वाद घालता घालता ओळख झाली, आणि आपल्याला उलट उत्तर देणारं माणूस भेटलं या आनंदात डॉक्टरांनी तिला माळ्यावर बोलावलं. पाठीला गिटार बांधून ती दुचाकीवर आली तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली होती. कंपनी विकली जाण्याआधी तिने गिटार मागवली होती आणि हातात आली ती नंतर.

'म्हणजे काका, माझी आधीची की नंतरची?' तिने हसत विचारलं.

पेटीत मूल झोपलेलं असावं अशा हाताने तिने झाकण उघडलं. डॉक्टरांनी आरसा आत घातला. आत चिठ्ठी होती, पण छापील. काळ्या रेघांचा तो दुकानातल्या डब्यांवर असतो तसला शिक्का होता. 'अक्षर नाही,' डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर रोग्यांना त्यांनी वाईट बातमी ज्या आवाजात सांगितली असेल, त्या आवाजात म्हणाले. मग गिटार माझ्या मांडीवर आली.

मी तार छेडली. डोळे मिटले. आवाज आला, भरलेला, गोल, आणि विरत गेला. मी थांबलो. अजून थांबलो. खाली गल्लीत कोणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचा खडखडाट आला आणि गेला. चकाकी आली नाही.

'आवाज आहे,' मी म्हणालो. 'जीव नाही.'

डॉक्टरांनी तार छेडली, ऐकलं आणि मान खाली घातली. 'नाहीच,' ते म्हणाले. शेठनी छेडली. ते जरा घुटमळले आणि मग म्हणाले, 'न्हाई वाटत खरं.' शेवटी तिने छेडली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

'हो,' ती म्हणाली. 'आता तुम्ही म्हणालात तर... हो.' आणि मग जरा वेळाने, 'पण वाजवून वाजवून येईल ना काका?'

'जे नाहीच ते येणार कुठून?' मी म्हणालो.

हे वाक्य सुचल्याचा मला त्या वेळी आनंद झाला होता. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुढचे दोन-तीन रविवार ती गिटार न घेता आली, आमचं ऐकत बसली, शेठच्या हातची भेळ खाऊन गेली. मग काम वाढलंय असा निरोप आला आणि ती यायची थांबली. 'नंतरची घेतली की असं होतं,' डॉक्टर म्हणाले.

आता सांगून टाकतो, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला हौस नाही. त्या गिटारीत जीव होता. माझ्या कानांतला गेला होता. आणि त्याचं खापर मी समुद्रापलीकडच्या एका कंपनीवर फोडत बसलो होतो.

खुणा घरभर पडल्या होत्या. विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीसमोर उंबर आहे. त्याच्यावर सकाळी लहान पक्षी बोलायचे, ते बोलेनासे झाले. मी म्हटलं, समोर इमारत उठली, पक्षी गेले. सोसायटीच्या सभेत त्यावर तावातावाने बोललोसुद्धा. कपडे धुवायचं मशीन काम संपलं की शीळ घालायचं, ते घालेनासं झालं. मी म्हटलं, मशीन बिघडलं. बायकोच्या काचेच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. ती घरात कुठे आहे हे मला इतकी वर्षं त्या आवाजावरून कळायचं. मला वाटलं, तिने त्या काढून ठेवल्या असतील, वयामुळे नको झाल्या असतील, आणि असलं काही आपण विचारू नये. सगळं जग एकाच वेळी बिघडायला लागलं होतं आणि बिघाड एकाच ठिकाणी असेल असं मला एकदाही वाटलं नाही. उलट ते जग मला आवडू लागलं होतं. दुपारी खिडकीत बसलो की रस्ता, माणसं, रिक्षा, सगळं लांबून, कापसातून गाळून आल्यासारखं यायचं. कडा नसलेलं. मी त्यात तरंगत बसायचो आणि म्हणायचो, निवृत्तीतली शांतता म्हणतात ती हीच.

वर्ष असंच गेलं. मग डॉक्टरांनी नव्या मालकांना पत्र लिहायचं काढलं. पत्र कसलं, आरोपपत्रच. 'आमच्यातील एका अत्यंत जाणकार कानाने' असा त्यात माझा उल्लेख होता आणि माझं ते जीव नसल्याचं वाक्य अवतरणचिन्हांत होतं. पुरावा जोडायला हवा, डॉक्टर म्हणाले. मी राखून ठेवलेलं पाकीट उघडायचं, आधीच्या तारा माझ्या गिटारीवर चढवायच्या आणि चकाकी म्हणजे काय ते फोनवर टिपून त्या लोकांना पाठवायचं, असं ठरलं.

शनिवारी दुपारी मी सतरंजीवर बसलो. पाकीट फायलीतून काढलं, कात्रीने कड कापली. जुन्या तारा एकेक करून सैल केल्या. नव्या चढवल्या, खुंट्या पिळल्या, ओढून ओढून बसवल्या. तारांवर बोट फिरवलं तर गुळगुळीत, गार. ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं. मला आतून इतकं छान वाटत होतं की छेडायच्या आधी मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. पुसट अक्षराचा तो कारागीरही बहुधा असाच बसला असेल.

मग जाड तार छेडली. आवाज आला, भरलेला, गोल, आणि विरून गेला.

पुढे काही नाही.

पुन्हा छेडली. पाकीट उलटसुलट केलं. वर्षभर कपाटात राहून तारांना दमट हवा लागली असणार, असं मी स्वतःला सांगत होतो, तेवढ्यात बायको वाळलेले कपडे घेऊन आत आली. तिला गिटारीचं काडीइतकं प्रेम नाही. चकाकी, आधीची, नंतरची, यातलं तिने कधी कानांवर घेतलेलं नाही.

'अहो, आज काय केलंत हिला?' ती म्हणाली. 'केवढी झणझणते आहे. तिकडे गच्चीत ऐकू आलं.'

मी तिला बस म्हटलं. पुन्हा तार छेडली आणि विचारलं, 'आवाज संपला की सांग.'

ती बसली. माझ्या कानात आवाज विरला, संपला. तिने काही सांगितलं नाही. ती मान जरा तिरकी करून ऐकत होती.

'संपला?' मी विचारलं.

'कुठे? येतोय की.'

'अजून?'

'अजून. बारीक येतोय. थांबा हो, बोलू नका.' मग कितीतरी वेळाने म्हणाली, 'आता गेला.'

तिच्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या, नेहमीच्या. कधी काढल्याच नव्हत्या. मी म्हटलं, 'जरा हात हलव.' तिने हलवला. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो, बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या आणि काहीही ऐकू येत नव्हतं. मी रडलो. तिला वाटलं, तार लागली.

कानाच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. एका बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, ऐकू आलं की दाबा म्हणाले. बराच वेळ बटण दाबायचं कारणच पडलं नाही. बाहेर आल्यावर कागदावरची रेघ दाखवली; आधी सपाट, मग घाट उतरावा तशी खाली. वयाने होतं, हळूहळू होतं म्हणून कळत नाही, बोलणं ऐकायला यंत्राची मदत होईल, असं तिथली मुलगी समजावून सांगत होती. त्या वरच्या बारीक आवाजांचं मी विचारलं. ती म्हणाली, 'काका, खोटी आशा नाही लावत.' मला ती आवडली. पण रिक्षात बसल्यावर मला माझ्या कानांपेक्षा नांदेडच्या त्या पोरीचं ते 'हो, आता तुम्ही म्हणालात तर' ऐकू येत होतं. माझे कान गेले ते गेले. तिच्या गिटारीतला जीव मी काढून घेतला होता, आणि तो परत देता येतो की नाही हे दवाखान्यातल्या रेघेवरून कळणार नव्हतं.

रविवारी माळ्यावर गेलो. डॉक्टर पत्र घेऊन बसलेच होते. त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं होतं आणि आम्हाला मराठीत समजावून सांगत होते. जाणकार कानापर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, 'ते खोडा.' आणि सगळं सांगितलं. सांगताना मी पोत्यांकडे बघत होतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

'तुमचे कान गेले, ठीक आहे. होतं वयाने,' ते म्हणाले. 'आमचे तर शाबूत आहेत ना? मग मला कसं तेच ऐकू आलं?'

शेठ बोटाने पोत्याचा सुतळीचा टाका उसवत होते.

'मला येत होतं,' ते खाली बघत म्हणाले. 'त्या पोरीच्या गिटारीत. लांबपातूर येत होतं. पर तुम्ही दोघं न्हाई म्हणला. म्हणलं, आपल्यालाच कळंना झालं आसंल.'

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. एरवी अशा वेळी त्यांच्या तोंडून एखादा टोमणा बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी ते म्हणाले, 'मी येऊ का तिच्याकडे तुमच्याबरोबर?' मी नको म्हटलं. वाक्य माझं होतं.

खराडीत ती बाराव्या मजल्यावर राहते, मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात. मी फोनवर फक्त येतो म्हणालो होतो. तिने पोहे केले होते. ताटली हातात तशीच धरून मी बोललो. माझे कान, पाकीट, बायको, बांगड्या, शेठ काय म्हणाले, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती गप्प बसू शकते हे मला माहीत नव्हतं.

'गिटार आली त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली होती काका,' ती म्हणाली. 'दिवसभर एकच तार वाजवत बसले होते. रूममेट म्हणाली, तुला वेड लागलंय. इतका... ऑनेस्टली, मला रडू आलं होतं. मग तुम्ही ते बोललात. घरी येऊन वाजवली तर ते नव्हतं. गेलं होतं. मी किती शोधलं. मग वाटलं, पहिल्या दिवशी मला भास झाला असेल.'

'भास नव्हता,' मी म्हणालो.

'हेही तुम्हीच सांगताय.'

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने साधं सांगितलं. मी ताटली खाली ठेवली. मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी ते माझंच आणखी एक वाक्य झालं असतं, आणि माझ्या वाक्यांनी तिचं काय केलं होतं ते समोर बसलेलं होतं.

ती उठली. पलंगाखालून पेटी ओढली, वरची धूळ ओढणीने पुसली. गिटार मांडीवर घेऊन तारा जुळवल्या. त्यात तिचा हात चांगला आहे, हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. मग जाड तारेवर अंगठा ठेवला आणि थांबली.

'काका, तुम्ही जरा गॅलरीत उभे राहाल? दार लावून? तुम्ही समोर असलात की मी तुमच्या चेहऱ्याकडे बघते.'

मी गॅलरीत गेलो. सरकतं काचेचं दार मीच ओढून घेतलं. आत तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सवयीने. मी पाठ फिरवली.

समोर खराडीच्या इमारतींवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि त्या इतक्या उजळल्या होत्या की त्यांना वजन नसावं असं वाटत होतं. खूप खाली गाड्या चालल्या होत्या, आवाज न करता. एक घार माझ्याच उंचीवर येऊन फिरत होती. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला कळायचा काही मार्ग नव्हता. चकाकी तर सोडाच, काचेतून साधा आवाजही येत नव्हता. आत्ता छेडली असेल, असं मी म्हणत होतो. आत्ता विरत असेल. आत्ता ती थांबली असेल. आलं नसेल तर, हा विचार मी पुढे जाऊ देत नव्हतो.

ऊन एका इमारतीवरून दुसरीवर गेलं. घार निघून गेली. माझे पाय भरून आले आणि गॅलरीच्या कठड्याची सावली माझ्या पावलांवर आली, तरी ती दार उघडायला आली नाही. शेवटी मी वळून पाहिलं. ती गिटारीवर वाकली होती, कान लाकडाला जवळजवळ टेकलेला, डोळे मिटलेले. अंगठा एकदा हलला आणि ती तशीच राहिली, किती तरी वेळ. मग पुन्हा अंगठा हलला. मी बाहेर आहे हे ती पार विसरून गेली होती. काच वाजवायला मी हात वर नेला होता, तो खाली घेतला.